तंगूस भरणारे रज्जाकभाई

रज्जाकभाईंच्या हातात गळाच्या रॉडचं रीळ दिलं की ते आधी त्याच्याकडे बघायचेच नाहीत. कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि हँडल सावकाश फिरवायचे. तेवढ्यात समोरचा काही बोलायला गेला तर दुसरा हात वर करून त्याला गप्प करायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं रीळ चांगलंच करकरत होतं. तीन फेरे झाले, चौथा अर्ध्यावर थांबला आणि ते म्हणाले, "सर, हे तुमी रेतीत ठेवलं होतं. उजव्या कुशीवर."

"छे, मुळीच नाही," मी म्हणालो. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. सारा जन्म पोरांच्या चुका काढण्यात गेला, त्यामुळे स्वतःची कबूल करायची सवय राहिली नव्हती. त्यांनी वाद घातला नाही. तीन स्क्रू काढले, झाकण वर्तमानपत्रावर पालथं केलं, आणि चिमूटभर पिवळी रेती कागदावर पडली. "मंग हे काय कंपनीवाल्यानं मसाला म्हनून टाकला काय?" ते म्हणाले, आणि मी पाचवीतल्या पोरासारखा खाली बघायला लागलो.

त्यांचं दुकान वणीच्या बाजारातल्या एका अरुंद गल्लीत, बांगड्यांच्या दुकानाला लागून होतं. पाटीवर 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली, नंतर कधीतरी घातलेलं, 'मासे धरायचे रॉड व रीळ'. शिलाई मशीन ही त्यांची मूळ विद्या. पुढे बायकांनी घरी शिवणं कमी केलं, आणि इकडे खाणीवर नोकरीला आलेली प्रांतोप्रांतीची माणसं रविवारी वर्धा नदीच्या काठावर गळ टाकून बसायला लागली. त्यांच्यातल्याच एकानं कधीतरी बिघडलेलं रीळ रज्जाकभाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. आतली दातेरी चाकं बघून ते म्हणाले होते म्हणे, "अरे, हे तं शिलाई मशीनचं पोट्टं हाय." तेव्हापासून हा धंदा.

मी मूळचा नेरचा. वणीला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी केली आणि तिथलाच झालो. मुलाला मुलगी झाली तेव्हा बायको पुण्याला गेली, ती दोन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि राहिलीच. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. घरात मी आणि कुकर. खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचा मुकादम, असलेल्या शेजाऱ्यानं बदली होऊन जाताना मला त्याचा जुना रॉड दिला, "सर, संडे को टाइम कट जायेगा," असं म्हणून. मासे पकडण्यात मला काडीचा रस नव्हता. घराबाहेर बसायला एक कारण हवं होतं, एवढंच.

रज्जाकभाईंच्या कामात बघण्यासारखं पुष्कळ होतं. रीळ उघडून आतलं ग्रीस बोटावर घ्यायचे आणि माणूस कुठून आला ते सांगायचे. काळंभोर असेल तर खाणीच्या रस्त्यावरचा, गाडीला रॉड उघडाच बांधून नेणारा. पिवळट असेल तर नदीवर रीळ रेतीत टेकवणारा. मग रॉकेलमध्ये धुणं, सुती चिंधीनं पुसणं, आणि मशीनचं तेल अगदी थेंबभर. "तेल जास्त पाजलं का मशीनले सुस्ती येते," असं ते म्हणायचे.

तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, रॉडवरून ज्या कड्यांतून जातं त्या तपासायची त्यांची तऱ्हा तर मी वर्गात उदाहरण म्हणून सांगायचो. कडीच्या आतल्या चिनी मातीला केसाएवढी चीर गेली तरी ती तंगूस कापते, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. रज्जाकभाई एका डबीत सरकी काढलेला कापूस ठेवायचे. कापसाची वात करून प्रत्येक कडीतून फिरवायचे. वात सरळ निघाली तर कडी चांगली. एखादा तंतू अडकला तर कडी बाद. मग जुनी कडी काढून नवी बसवायची, तिच्यावर शिलाईचाच दोरा असा गुंडाळायचा की एक वेढा दुसऱ्यावर चढणार नाही, आणि वरून वार्निश. ते वाळेपर्यंत रॉड फिरवत बसायचे, ओघळ नको म्हणून.

रॉड निवडून देतानाही त्यांचा प्रश्न ठरलेला. खाणीतला एक तरुण इंजिनीअर एकदा मोबाइलवर पंधरा रॉडांची चित्रं घेऊन आला. किती किलोचा मासा, किती फूट लांबी, कार्बनचा की फायबरचा, असं धडाधड बोलत सुटला. रज्जाकभाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नदीवर बसता किती वेळ?"

"तास-दीड तास."

"मंग घ्या कोनताही. मासा किती मोठा लागन ते मासा ठरवते, साहेब. दिवसभर बसनाऱ्यानं रॉड निवडा लागते, हात त्याचा दुखते."

तो बिचारा हिरमुसला. मीही मनात म्हटलं, गिऱ्हाईक असं घालवतात का? पण तो पुढच्या रविवारी परत आला. आणि तो का आला हे कळायला मला वेळ लागला, त्यासाठी आधी तंगूस भरण्याबद्दल सांगायला हवं.

रीळ दुरुस्त झालं की त्यात नवं तंगूस भरायचं. शे-सव्वाशे मीटर. ते ताणूनच भरावं लागतं. ढिलं भरलं तर पहिल्याच फेकीला असा गुंता होतो की कापून टाकण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून एकानं टेबलापाशी बसून रीळ फिरवायचं, आणि दुसऱ्यानं दारालगतच्या बाकावर बसून तंगुसाची चक्री धरायची. चक्रीत पेन्सिल घालून ती एका हातात, दुसऱ्या हाताच्या चिमटीत ओलं फडकं, आणि त्या फडक्यातून तंगूस दाबून सोडायचं. पतंग उडवताना चक्री धरणारा असतो तसं. हे दुसरं काम गिऱ्हाइकानं करायचं, असा रज्जाकभाईंचा नियम होता. "बसा," ते म्हणायचे. "हे दोन मानसाचं काम हाय."

फौजदार असो की खाणीचा मॅनेजर, बसावंच लागे. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे मोबाइल कितीही वाजला तरी काढता येत नसे. आणि रज्जाकभाई हँडल इतकं सावकाश फिरवायचे की पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागायचा. मग माणूस करणार काय? बोलायचा. कुठे बसला होतास, पाणी किती होतं, काय लागलं, काय सुटलं. बोलता बोलता नदीवरून घरावर यायचा, घरावरून बायकोवर, मुलांवर, साहेबावर. तो तरुण इंजिनीअरही त्या बाकासाठीच येत राहिला. मी स्वतः, स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं हवापाण्यापलीकडे काही न बोलणाऱ्यानं, त्या बाकावर बसून सांगून टाकलं होतं की पुण्याहून फोन येतो तेव्हा बायको नातीला फोन देते आणि स्वतः चार वाक्यं बोलत नाही. रज्जाकभाईंनी हँडल थांबवलं नाही. "लहान लेकरू घरात असलं का बाईले दुसरं काही दिसत नाही, सर. तुमी राग नका धरू," एवढंच म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

एक गोष्ट कळली तेव्हा मी चाटच पडलो. या माणसानं आयुष्यात कधी गळ टाकलेला नव्हता. "पान्याचं मले भेव वाटते," ते सरळ म्हणाले. वर्धेच्या पुलावरून बसनं जातानाही ते दुसऱ्या बाजूला बघायचे. पण पुलाखालच्या डोहात यंदा मरळ का नाही, कोणत्या वळणावर पाण्यात बाभळीचं खोड बुडालेलं आहे, पूर ओसरल्यावर रोहू कुठल्या काठाला येतो, सगळं त्यांना तोंडपाठ. सारी नदी त्या बाकावरून त्यांच्यापर्यंत आलेली.

पूर्वी चक्री धरायला त्यांची बायको असायची, नसीमबी. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून त्या चक्री धरायच्या आणि सगळ्या मोहल्ल्याची खबरबात सांगायच्या. मी त्यांना पाहिलं नाही. मुलगी लग्न होऊन चंद्रपूरला गेली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी नसीमबी गेल्या. "आठ दिवस दुकान बंद ठेवलं," रज्जाकभाई एकदा म्हणाले. "नवव्या दिवशी उघडलं. एक रीळ तयार होतं. तंगूस काढलं, चक्री घेतली, अन् उंबऱ्याकडे हात लांब केला, सर. सवयीनं." त्या दिवशी त्यांनी रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारून बसवलं होतं. तेव्हापासून गिऱ्हाईक.

हे सगळं मला माहीत होतं. त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. तरीही पुढचं जे केलं ते मीच केलं.

एका उन्हाळ्यात दुपारी मी दुकानात डोकावलो तर टेबलावर पाच रिळं दुरुस्त होऊन पडलेली आणि रज्जाकभाई हातावर हात ठेवून बसलेले. तंगूस भरायचं राहिलंय म्हणाले, गिऱ्हाइकं आली की भरू. मला वाईट वाटलं. एवढा कसबी माणूस, आणि केवळ चक्री धरायला कोणी नाही म्हणून काम अडावं? माझ्यातला मास्तर जागा झाला. प्रयोगशाळेतला एक लोखंडी स्टँड घेतला, सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले, जाड लोकरी नमद्याचे दोन तुकडे, एक स्प्रिंग, ताण कमीजास्त करायला एक स्क्रू. तंगूस नमद्यातून दाबून जाईल, चक्री आपोआप फिरेल. स्प्रिंग काट्यावर मोजून पाहिलं. पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत काटा हलला नाही. इतका आनंद मला माझा विद्यार्थी बोर्डात आला तेव्हाही झाला नव्हता.

ईदच्या दिवशी ते यंत्र मी त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि चालवून दाखवलं. रज्जाकभाईंनी त्याच्याभोवती हात फिरवला, स्क्रू पिळून पाहिला, सैल करून पाहिला. पुन्हा पिळला, पुन्हा सैल केला. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

"अक्कल हाय, सर," शेवटी ते म्हणाले. मग हसले. "ईदी तं मोठ्यानं लहान्याले द्यायची असते. तुमी उलटं केलं." आणि आतून शीरखुर्म्याचा वाडगा आणून माझ्यापुढे ठेवला. मी दोन वाडगे खाल्ले.

पुढे मी काय केलं असेल? गावभर सांगत सुटलो. नदीवर भेटेल त्याला, चहाच्या टपरीवर, कॉलेजात. "आता बसायची गरज नाही. रीळ टाका आणि जा, संध्याकाळी तयार!" लोकही खूश झाले. आणि मी माझ्या मार्गाला लागलो. बोर्डाचे पेपर आले, मग पेन्शनची फाइल, मग बायको महिनाभर येऊन राहिली. चार महिने मी ना नदीवर गेलो ना दुकानात.

गेलो तेव्हा दुकान चकाचक होतं. रिळं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला फोन नंबरची चिठ्ठी. बाक भिंतीला उभा लावून ठेवलेला, जागा अडते म्हणून. टेबलाच्या कडेला माझं यंत्र गरगरत होतं आणि रज्जाकभाई भराभर हँडल फिरवत होते. मला पाहून थांबले.

"या सर. वर्धेले पानी किती हाय आता?"

"कोण जाणे. मी गेलोच नाही."

"मलेही नाही मालूम," ते म्हणाले. "पह्यले मालूम राहे."

ते अगदी साधेपणानं बोलले. तक्रारीचा सूर नव्हता. मी उभ्या केलेल्या बाकाकडे पाहिलं, चिठ्ठ्यांकडे पाहिलं.

"लोक येत नाहीत का?" मी विचारलं.

"येतात न. जास्तच येतात. गाडी बंद करत नाहीत. 'चाचा, झालं का?' म्हनतात, हात लांब करतात, घेऊन जातात. तो इंजिनीअर साहेब, त्याच्या बाईले दिवस गेलते. पोरगं झालं का पोरगी, तेही मले मालूम नाही."

"मग मला सांगायचं होतं रज्जाकभाई! त्याच दिवशी सांगायचं!" मी जवळजवळ ओरडलोच. राग स्वतःचा आला होता आणि काढत त्यांच्यावर होतो.

"काय सांगू? तुमी ईदीले आनलं. मायेनं आनलं. त्याले नाही कोन म्हनते? अन् काम तं ते मस्तच करते, सर. माह्या नसीमचा हात असा एकसारखा नव्हता." त्यांनी ओलं फडकं उचललं आणि यंत्रावरची धूळ पुसली.

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं की प्रयोगशाळेची तपासणी आहे, स्टँड परत द्यावा लागेल. अर्धं खरं होतं. रज्जाकभाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, यंत्र वर्तमानपत्रात बांधून दिलं, आणि मी दुकानातून बाहेर पडायच्या आत बाक आडवा टाकला.

पण मोडलेली सवय अशी परत येते थोडीच? मी दोन-तीन रविवार बाकाच्या टोकाला बसून पाहिलं. खाणीतला एक इलेक्ट्रिशियन आला, म्हणाला, "चाचा, मशीन कहाँ गयी? मैं बाद में आता हूँ." तो आलाच नाही. कोणी रीळ घेऊन चंद्रपूरला जायला लागलं, कोणी तंगूस भरलेलं रीळच घरपोच मागवायला लागलं. दोघं-तिघं जुने तेवढे येऊन बसायचे. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की पूर्वी रज्जाकभाई "बसा" म्हणायचे, हुकूम दिल्यासारखं. आता म्हणायला लागले, "बसता काय पाच मिनिटं?"

मग मी दर रविवारी जायला लागलो. माझ्याकडे रिळं दोन. घरी एकाचं तंगूस काढून टाकायचं आणि रिकामं रीळ घेऊन जायचं. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलंच, "सर, हे मागच्या ऐतवारीच तं भरलं होतं."

"तुटलं."

"सारंच?"

"मोठा मासा होता."

"असं? कुठं लागला?"

आता आली का पंचाईत! नदीचा कानाकोपरा ठाऊक असलेल्या माणसासमोर थाप मारायची. मी पुलाखालचा डोह सांगितला. कोणत्या बाजूला, पाणी गढूळ होतं का, कणीक लावली होती की गांडूळ, मासा खाली ओढत होता की आडवा पळत होता, ते एकेक विचारत गेले आणि मी एकेक रचत गेलो. पाऊण तास. शेवटी म्हणाले, "कतला असन. कतला आडवा नाही पळत इतका, पन असन." आणि हसले. त्यानंतर मी शनिवारी खरोखरच नदीवर जायला लागलो. रविवारी सांगायला काहीतरी खरं असावं म्हणून.

अशी जवळजवळ दीड वर्षं गेली. मी निवृत्त झालो, आणि पुण्याला जायचं ठरलं. न जाण्यासारखं कारण माझ्यापाशी नव्हतं. जे एक होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पुण्याला येऊन आठ महिने झाले असतील, त्यांच्या मुलीचा चंद्रपूरहून फोन आला की अब्बा गेले. झोपेतच गेले. दुकानात तिला माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी सापडली होती, कुठल्याशा रिळाला बांधलेली. मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसलो. बायकोनं कोण होतं विचारलं. रीळ दुरुस्त करणारे एक होते, एवढंच मला सांगता आलं.

त्यांच्याकडे गेलेला शेवटचा रविवार मला पुन्हा पुन्हा आठवतो. दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक निघणार होता. सकाळी दहाच्या सुमाराला मी रिकामं रीळ घेऊन गेलो. त्यांनी काही न विचारता नवी चक्री काढली, तिच्यात पेन्सिल घातली आणि माझ्या हातात दिली. मी बाकावर बसलो. ते फिरवायला लागले.

"पुन्याले नदी हाय न?"

"आहे. पण गळ टाकून बसण्यासारखी नाही."

"मंग बसान कुठं?"

गल्लीतून एक भाजीची गाडी गेली. बांगडीवाल्यानं शटर वर केलं. सगळं तंगूस रिळात गेलं तेव्हा रज्जाकभाईंनी त्यावर अंगठा दाबला, थोडा वेळ दाबून ठेवला आणि म्हणाले, "ढिलं झालं, सर. काढून परत भरा लागते."

ढिलं झालेलं नव्हतं. ताण म्हणजे काय हे शिकवण्यात माझी हयात गेली. फडक्यावरची माझी चिमूट एकदाही सैल झाली नव्हती. आणि चांगल्या कामाला वाईट म्हणणारा तो माणूस नव्हता. "हो," मी म्हणालो, "माझाच हात सैल पडला."

त्यांनी तंगूस सोडलं, मी ते चक्रीवर उलट गुंडाळून घेतलं, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून भरलं. मध्येच एकदा पाणी प्यायला थांबले, मलाही दिलं. भरून झालं तेव्हा ऊन दारातून आत बाकापर्यंत आलं होतं. त्यांनी अंगठा दाबून पाहिला नाही. तंगूस कापायला कात्री उचलली.

"रज्जाकभाई," मी म्हणालो, "अजून जरा ढिलंच वाटतंय."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "हौ," ते म्हणाले, "मलेही तसंच वाटून राह्यलं," आणि मान वर न करता तंगूस पुन्हा माझ्याकडे सोडायला लागले.